फ्रेमवर्कांच्या सीमा ओलांडणारे घटक : वेबच्या इतिहासातील एक प्रदीर्घ प्रयत्न

१९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनीतील गार्मिश या गावी नाटोच्या विज्ञान समितीच्या पुढाकाराने सॉफ्टवेअरच्या निर्मितीविषयी एक परिषद भरली होती. तीत बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी एक निबंध सादर केला. प्रत्येक प्रोग्रामरने तीच ती आज्ञावली पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी अचूकता, वेग आणि आकार यांनुसार वर्गवारी केलेले तयार भाग सूचीतून निवडून घ्यावेत आणि असे भाग बनवणे हाच एक स्वतंत्र उद्योग व्हावा, अशी त्यांची मांडणी होती. पाच वर्षांनी, १९७३ मध्ये, मॅकिलरॉय यांच्याच आग्रहामुळे युनिक्स या प्रणालीत 'पाइप' ही सोय आली. एका प्रोग्रामने तयार केलेला मजकूर थेट दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देणारी ही सोय रुजली, कारण तिथे पाळायचा करार अगदी थोडा होता: प्रत्येकाने साधा मजकूर घ्यावा आणि साधा मजकूर द्यावा. प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहिला आहे, आत काय चालते, याची विचारणा कोणीच करत नसे. घटकांच्या पुनर्वापराचा पुढचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो: भागाभागांतला करार किती लहान आहे आणि तो कोणाच्या ताब्यात आहे.

वेबपृष्ठावरील घटक म्हणजे वापरकर्त्याला दिसणारा आणि त्याच्या कृतीला प्रतिसाद देणारा स्वयंपूर्ण भाग, उदाहरणार्थ बटण, तारीख निवडण्याचे कॅलेंडर, सूचना देणारी चौकट किंवा स्तंभानुसार क्रम लावता येणारा तक्ता. फ्रंट-एंड फ्रेमवर्क म्हणजे असे घटक कसे लिहावेत, त्यांनी माहिती कुठून घ्यावी आणि माहिती बदलली की पडद्यावरचे दृश्य कसे बदलावे, याचे नियम ठरवून देणारी आज्ञावलींची चौकट. अँग्युलर, रिअ‍ॅक्ट, व्ह्यू आणि स्वेल्ट ही तिची आजची परिचित उदाहरणे आहेत. एका फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला घटक दुसऱ्यात जसाच्या तसा वापरता येत नाही, ही अडचण गेल्या दशकभरात विशेष तीव्र झाली असली, तरी तिची मुळे वेबच्याही आधी सापडतात.

१९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक ही प्रोग्रॅमिंगची प्रणाली बाजारात आणली. तीत पडद्यावर बटणे आणि चौकटी मांडून प्रोग्राम तयार करता येई, आणि बाहेरच्या कंपन्यांनी बनवलेले तयार घटकही त्यात बसवता येत. व्हीबीएक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटकांची लवकरच एक बाजारपेठ उभी राहिली आणि आलेख, तक्ते, कॅलेंडरे विकणाऱ्या लहान कंपन्या निघाल्या. मॅकिलरॉय यांना अपेक्षित असलेला घटकांचा उद्योग पहिल्यांदा येथे दिसला, असे म्हणायला हरकत नाही. परंतु व्हीबीएक्सचा करार १६-बिट विंडोजशी आणि व्हिज्युअल बेसिकच्या अंतर्गत रचनेशी घट्ट बांधलेला होता, त्यामुळे विंडोज ३२-बिट झाल्यावर ते घटक पुढे चालेनासे झाले आणि त्यांची जागा ओसीएक्स या नव्या पद्धतीच्या घटकांनी घेतली. १९९६ मध्ये याच कुळातील अ‍ॅक्टिव्हएक्स वेबवर आले. ते प्रत्यक्षात इंटरनेट एक्सप्लोरर आणि विंडोज या जोडीपुरतेच राहिले, आणि एकदा परवानगी मिळाली की वापरकर्त्याच्या संगणकावर त्याला जवळजवळ मुक्त संचार असे. दक्षिण कोरियातील ऑनलाइन बँकिंग अ‍ॅक्टिव्हएक्सवर उभे राहिले आणि त्यामुळे तेथील नागरिकांना कित्येक वर्षे दुसरा ब्राउझर निवडणे अवघड होऊन बसले. करार एकाच कंपनीच्या ताब्यात असला की काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते.

वेबकडे स्वतःचे घटक मात्र आरंभीच्या काळापासून होते, आणि या गोष्टीचे महत्त्व इतिहासकारांनी पुरेसे ओळखलेले नाही. १९९५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या, वेबपृष्ठे लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत मजकूर भरण्याची चौकट, निवड करण्याची यादी, पर्याय दर्शवणारे टिचके आणि फॉर्म पाठवण्याचे बटण यांची व्याख्या केलेली होती. प्रत्येक घटकाला एक नाव आणि एक मूल्य असे, आणि फॉर्म पाठवला की ही नावे व मूल्ये सर्व्हरकडे जात. पुढे जावास्क्रिप्ट ही भाषा ब्राउझरमध्ये आल्यावर त्यात भर पडली ती इव्हेंटची, म्हणजे मूल्य बदलले किंवा बटण दाबले गेले की घटकाने बाहेर दिलेल्या सूचनेची. त्या काळात लिहिलेली मजकूर-चौकट आजच्या ब्राउझरमध्येही चालते आणि आजच्या कोणत्याही फ्रेमवर्कला ती वापरता येते, कारण तिचा करार खुद्द ब्राउझरच्या भाषेत लिहिलेला आहे. अडचण एवढीच होती की ही यादी फार तोकडी होती. कॅलेंडर नाही, टॅबची ओळ नाही, उलगडत जाणारी वृक्षरचना नाही. आणि लेखकाला स्वतःचा नवा घटक या यादीत घालण्याची वाटही नव्हती.

ही वाट काढण्याचे पहिले दोन प्रयत्न ब्राउझर बनवणाऱ्यांकडूनच झाले. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये 'एचटीएमएल कंपोनंट्स' नावाचा प्रस्ताव वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेकडे दिला आणि पुढच्या वर्षी इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत तो प्रत्यक्षात आणला. घटकाचे वर्तन एका वेगळ्या फाइलीत लिहायचे आणि रूपाचे नियम सांगणाऱ्या सीएसएसच्या एका ओळीने ते हव्या त्या टॅगला, म्हणजे पृष्ठाचा एखादा भाग दर्शवणाऱ्या एचटीएमएलच्या खुणेला, जोडायचे, अशी त्याची पद्धत होती. मोझिलाच्या मंडळींनी एक्सबीएल ही वेगळी भाषा तयार केली आणि २००१ मध्ये तीही डब्ल्यू३सीपुढे ठेवली. एक्सबीएलमध्ये घटकाच्या आतली रचना पृष्ठाच्या उरलेल्या रचनेपासून लपवून ठेवता येई, आणि फायरफॉक्सची स्वतःची बरीचशी मांडणी, अगदी व्हिडिओखालच्या नियंत्रणांसह, याच भाषेत लिहिलेली होती. दोन्ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या आपल्या काळाच्या पुढे होत्या, पण पहिली फक्त मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये चाले आणि दुसरी फक्त मोझिलाच्या. एक्सबीएलची सुधारित आवृत्ती २००७ मध्ये प्रमाणकाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली, तरी कोणत्याही ब्राउझरने ती स्वीकारली नाही. मूळ एक्सबीएल फायरफॉक्समधून २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले.

प्रमाणके अडून बसली तेव्हा लेखकांनी आपापल्या लायब्रऱ्या, म्हणजे पुन्हा वापरता येतील अशा आज्ञावलींचे संच, तयार केले. २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रोटोटाइप, डोजो, मूटूल्स, याहूची वायूआय आणि जेक्वेरी अशा अनेक लायब्रऱ्या पुढे आल्या. यांतील प्रत्येकीचे स्वतःचे घटक होते आणि ते एकमेकींत चालत नसत. प्रोटोटाइप आणि मूटूल्स तर जावास्क्रिप्टच्या मूळ वस्तूंनाच नवे गुण चिकटवत, त्यामुळे त्या दोघी एका पृष्ठावर आल्या की एकमेकींचे काम बिघडवत. डॉलरचे एक चिन्हदेखील वादाचे कारण झाले: प्रोटोटाइपने ते आधीच वापरले होते आणि जेक्वेरीनेही तेच घेतले, म्हणून जेक्वेरीला त्या चिन्हावरचा हक्क सोडून देण्याची एक खास सोय ठेवावी लागली. जॉन रेसिग यांनी २००६ च्या जानेवारीत जाहीर केलेली जेक्वेरी पुढे इतकी पसरली की काही वर्षे हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. जेक्वेरीचे प्लगइन, म्हणजे तिच्यावर अवलंबून लिहिलेले जोडघटक, हीच घटकांची सामायिक भाषा झाली. ही एकी मात्र करारातून आलेली नव्हती; एका लायब्ररीच्या मक्तेदारीतून आलेली ती एकी होती आणि ती मक्तेदारी ओसरली तशी तीही विरली.

२०१० ते २०१४ या काळात पुढची पिढी आली. गूगलमधून अँग्युलरजेएस आले, फेसबुकने २०१३ च्या मे महिन्यात रिअ‍ॅक्ट खुले केले, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत एव्हान यू यांनी व्ह्यू प्रसिद्ध केले. या फ्रेमवर्कांनी एक मूलभूत सुधारणा केली, हे निर्विवाद आहे. जेक्वेरीच्या काळात पृष्ठाची स्थिती, म्हणजे कोणती यादी उघडी आहे, कोणती नोंद निवडलेली आहे ही माहिती, टॅगांच्या रचनेतच विखुरलेली असे आणि मोठ्या प्रकल्पात ती सांभाळणे दुरापास्त होई. नव्या फ्रेमवर्कांनी स्थिती एका जागी ठेवली आणि स्थितीवरून दृश्य आपोआप तयार होईल अशी व्यवस्था केली. पण स्थिती बदलल्याचे ओळखायचे कसे, यावर प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते. अँग्युलरजेएस ठरावीक क्षणी सर्व मूल्यांची जुन्या मूल्यांशी तुलना करून पाही. रिअ‍ॅक्ट दृश्याची एक प्रत स्मृतीत तयार करून आधीच्या प्रतीशी ताडून पाही आणि जेवढा फरक तेवढेच पृष्ठ बदले. व्ह्यू प्रत्येक मूल्याच्या वाचनावर व लेखनावर लक्ष ठेवी. घटकाचा जन्म, त्याचे अद्ययावत होणे आणि त्याचा अंत यांचे टप्पेही प्रत्येकाचे स्वतंत्र होते. त्यामुळे घटक फ्रेमवर्कच्या पोटात इतका खोलवर गुंतला की तो बाहेर काढणे म्हणजे जवळजवळ नव्याने लिहिणे झाले.

याचा परिणाम पाहायचा तर गूगलच्या मटेरियल डिझाइनचे उदाहरण पुरेसे आहे. बटण कसे दिसावे, दाबल्यावर त्यातून तरंग कसा उमटावा, चौकटीची सावली किती खोल असावी, याचे नियम सांगणारी ही पद्धती २०१४ मध्ये जाहीर झाली. त्यानंतर अँग्युलरसाठी अँग्युलर मटेरियल, रिअ‍ॅक्टसाठी मटेरियल-यूआय, व्ह्यूसाठी व्ह्युटिफाय अशी स्वतंत्र घटकभांडारे वेगवेगळ्या लोकांनी लिहिली. एकच नियमावली, एकच बटण, आणि तरीही ते इतक्या वेळा घडवले गेले. ट्विटरमधून २०११ मध्ये निघालेल्या बूटस्ट्रॅपची कथा याच्या जोडीला ठेवून पाहावी. बूटस्ट्रॅपचे रूप सीएसएसमध्ये होते, आणि टॅगला ठरावीक नावे दिली की ते रूप कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये मिळे; पण त्याचे वर्तन, म्हणजे यादी उघडणे किंवा चौकट बंद करणे, जेक्वेरीवर अवलंबून होते आणि ते मात्र प्रत्येक फ्रेमवर्कसाठी निराळे लिहावे लागले. खुद्द बूटस्ट्रॅपने जेक्वेरीची साथ २०२१ मध्ये, पाचव्या आवृत्तीत सोडली. रूप सीमा ओलांडून गेले, वर्तन अडकून पडले. या एका निरीक्षणात त्या दशकाची सारी व्यथा आहे.

ही पुनरुक्ती केवळ श्रमाचा अपव्यय नव्हती. तारीख निवडण्याच्या कॅलेंडरात कळफलकाने फिरता येत नाही, किंवा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला निवडलेला दिवस कळत नाही, अशी त्रुटी एका भांडारात दुरुस्त झाली तरी ती दुसऱ्यात तशीच राही. भाषांच्या बाबतीतही हेच घडे. मराठी महिन्यांची नावे आणि देवनागरी अंक एका कॅलेंडरात कोणा स्वयंसेवकाने भरले, म्हणून दुसऱ्या फ्रेमवर्कच्या कॅलेंडरात ते आपोआप येत नसत. या बाबतीत दिलासा मिळाला तो ब्राउझरकडूनच: २०१२ मध्ये ठरलेल्या जावास्क्रिप्टच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या प्रमाणकामुळे ब्राउझर आता मराठीतील तारखा आणि देवनागरी अंक स्वतः पुरवतो, आणि ज्या घटकाने ती सोय वापरली त्याला स्वतःच्या याद्या बाळगाव्या लागत नाहीत.

याच काळात ब्राउझरला नवे टॅग शिकवण्याची जुनी कल्पना पुन्हा वर आली. गूगलच्या क्रोमवर काम करणाऱ्या अ‍ॅलेक्स रसेल यांनी २०११ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्रंटिअर्स परिषदेत 'वेब कंपोनंट्स' या नावाने ती मांडली. तिचे तीन आधार आज उरले आहेत. पहिला 'कस्टम एलिमेंट', म्हणजे लेखकाने स्वतः व्याख्या केलेला टॅग. भविष्यात एचटीएमएलमध्ये येणाऱ्या टॅगांशी नावाचा घोळ होऊ नये म्हणून त्याच्या नावात जोडरेघ असलीच पाहिजे असा नियम आहे. दुसरा 'टेम्प्लेट', म्हणजे वापराची वेळ येईपर्यंत निष्क्रिय राहणारा टॅगांचा साचा. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा 'शॅडो डॉम'. डॉम म्हणजे ब्राउझरने पृष्ठाचे केलेले वृक्षरूप, आणि शॅडो डॉम म्हणजे एखाद्या टॅगच्या पोटात लपलेला स्वतंत्र उपवृक्ष, ज्यातील रूपाचे नियम बाहेर पसरत नाहीत आणि बाहेरचे नियम आत सहजी शिरत नाहीत. गावाला वेस असावी आणि येणेजाणे वेशीतूनच व्हावे, तशी ही योजना आहे: आत जाण्यासाठी अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगवर लिहिलेली मजकूररूप माहिती, आणि प्रॉपर्टी, म्हणजे जावास्क्रिप्टमधून दिलेले कोणतेही मूल्य, बाहेर येण्यासाठी इव्हेंट, आणि बाहेरचा आशय आत ठरावीक जागी बसवण्यासाठी 'स्लॉट'. १९९५ च्या मजकूर-चौकटीचा जो करार होता तोच हा, फक्त आता तो लेखकांच्या हाती आला.

प्रमाणक होण्याचा मार्ग मात्र खडतर ठरला. क्रोमने २०१४ मध्ये या कल्पनेची पहिली आवृत्ती इतरांची सहमती होण्याआधीच प्रसृत केली आणि तिच्यावर आधारलेली पॉलिमर ही लायब्ररी गूगलने जोराने पुढे आणली. घटक वेगळ्या फाइलीतून आणण्याची 'एचटीएमएल इम्पोर्ट्स' ही चौथी सोयही तीत होती. जावास्क्रिप्टचे स्वतःचे मॉड्यूल येऊ घातले असताना तिची गरज नाही, असे म्हणून मोझिलाने डिसेंबर २०१४ मध्ये ती नाकारली, आणि पुढे क्रोमनेही ती काढून टाकली. अ‍ॅपलच्या अभियंत्यांनी, अस्तित्वात असलेल्या टॅगांमध्ये भर घालून नवे टॅग बनवण्याच्या उपपद्धतीस तत्त्वतः विरोध केला आणि तो आजतागायत कायम आहे. या वादांमुळे उशीर झाला, तरी त्यातून निघालेली दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा निश्चितच निर्दोष होती. क्रोम आणि सफारी यांनी २०१६-१७ मध्ये, फायरफॉक्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या नव्या एज ब्राउझरने जानेवारी २०२० मध्ये ती स्वीकारली. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या प्रस्तावापासून मोजले तर या करारावर सर्वांची सही व्हायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

करार झाला म्हणून फ्रेमवर्कांनी तो लगेच पाळला असे नाही. अँग्युलर आणि व्ह्यू यांनी परक्या टॅगांना बऱ्याच सहजतेने आत घेतले, परंतु रिअ‍ॅक्ट कस्टम एलिमेंटला दिलेली प्रत्येक गोष्ट अ‍ॅट्रिब्यूट समजून मजकुरात बदलत असे. त्यामुळे तक्त्याच्या घटकाला नोंदींची यादी द्यायला गेले की त्याच्या हाती त्या यादीचे निरर्थक शब्दरूप पडे. रिअ‍ॅक्टची इव्हेंटची व्यवस्थाही स्वतंत्र असल्याने घटकाने दिलेल्या सूचना ऐकण्यासाठी लेखकाला फ्रेमवर्क बाजूला सारून थेट डॉमशी बोलावे लागे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या फ्रेमवर्कमधली ही उणीव वेब कंपोनंट्सच्या प्रसारातील मोठा अडसर ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्टच्या १९ व्या आवृत्तीत ती दूर झाली. तिथे घटकावर त्या नावाची प्रॉपर्टी आहे का हे पाहून मूल्य थेट तीत ठेवले जाते.

दरम्यान काही संस्थांनी या सीमेचा प्रश्न स्वतःच्या अनुभवातून सोडवला, आणि त्यांत आयॉनिकचा इतिहास सर्वांत बोलका आहे. वेबच्या तंत्राने मोबाइल अ‍ॅप तयार करण्यासाठी लागणारे घटक पुरवणारा हा प्रकल्प २०१३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात सुरू झाला आणि त्याने अँग्युलरजेएस हा पाया निवडला. काही वर्षांतच गूगलने अँग्युलर मुळापासून नव्याने लिहिले. २०१६ च्या सप्टेंबरात आलेली ती दुसरी आवृत्ती पहिलीशी मिळतीजुळती नव्हती, आणि आयॉनिकला आपले घटक तिच्यासाठी पुन्हा घडवावे लागले. पुढे रिअ‍ॅक्ट आणि व्ह्यू यांचा प्रसार होत गेला, तेव्हा याच घटकांची तिसरी आणि चौथी आवृत्ती लिहिण्यापेक्षा घटकच फ्रेमवर्कपासून सोडवावेत, असा निर्णय त्या चमूने घेतला. त्यासाठी त्यांनी २०१७ मध्ये स्टेन्सिल हे साधन जाहीर केले. स्टेन्सिल हे संकलक आहे, म्हणजे लेखकाने सोयीच्या भाषेत लिहिलेला घटक ते ब्राउझरला समजणाऱ्या कस्टम एलिमेंटमध्ये रूपांतरित करते. शिवाय प्रत्येक फ्रेमवर्कसाठी लागणारे रॅपर, म्हणजे घटकाला त्या फ्रेमवर्कच्या रीतीभातीत बसवणारे पातळ आवरण, तेही ते आपोआप निर्माण करते. जानेवारी २०१९ मध्ये आयॉनिकची चौथी आवृत्ती या पायावर आली, त्याच वर्षी रिअ‍ॅक्टसाठीचे आणि २०२० मध्ये व्ह्यूसाठीचे आवरण प्रसिद्ध झाले, आणि आतले घटक तिन्ही ठिकाणी तेच राहिले.

सेल्सफोर्स या कंपनीचा अनुभव वेगळ्या प्रकारचा होता. त्यांच्याकडे ऑरा नावाचे स्वतःचे फ्रेमवर्क होते आणि त्यात ग्राहकांनी लिहिलेले असंख्य घटक होते. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी वेब कंपोनंट्सवर आधारलेली नवी पद्धत जाहीर केली, तेव्हा जुने आणि नवे घटक एकाच पृष्ठावर नांदू शकतील अशी तजवीज केली, म्हणून कोणालाही एका रात्रीत सर्व काही फेकून द्यावे लागले नाही. सामायिक करार असला की स्थलांतर टप्प्याटप्प्याने करता येते, हा त्याचा कमी बोलला जाणारा लाभ आहे, आणि मोठ्या संस्थांच्या दृष्टीने तो कदाचित पुनर्वापरापेक्षाही मोलाचा आहे.

डॉमच्या पातळीवरचा करार हा एकमेव मार्ग नव्हता. गूगलच्या 'मटेरियल कंपोनंट्स फॉर द वेब' या प्रकल्पाने घटकाचे दोन भाग केले: वर्तनाचा सारा तर्क ज्यात आहे तो 'फाउंडेशन', आणि त्या तर्काला एखाद्या फ्रेमवर्कच्या डॉम हाताळण्याच्या पद्धतीशी जोडणारा 'अ‍ॅडॅप्टर'. फाउंडेशन एकच राही आणि अ‍ॅडॅप्टर तेवढा बदले. 'हेडलेस' म्हणवल्या जाणाऱ्या, म्हणजे रूप न देता केवळ वर्तन पुरवणाऱ्या भांडारांनी हीच दिशा पुढे नेली. तक्त्यांसाठीचे टॅनस्टॅक टेबल हे भांडार मुळात रिअ‍ॅक्टसाठी लिहिले गेले होते. पुढे क्रम लावणे, गाळणे, पाने पाडणे हे सर्व गणित साध्या जावास्क्रिप्टमध्ये वेगळे काढण्यात आले आणि तक्ता रंगवण्याचे काम त्या त्या फ्रेमवर्कवर सोपवण्यात आले. मायटोसिससारख्या साधनांनी एका मूळ लेखनावरून प्रत्येक फ्रेमवर्कचा घटक निर्माण करण्याचा प्रयत्न केला. हेडलेस मार्ग तक्त्यासारख्या विचारप्रधान घटकांना विशेष मानवतो, तर बटण किंवा सूचनाचौकट यांसारख्या रूपप्रधान घटकांना डॉमचा करार अधिक सोयीचा पडतो. फ्रेमवर्कांनीही उलट दिशेने हात पुढे केला आणि आपले घटक कस्टम एलिमेंट म्हणून बाहेर देण्याची सोय अँग्युलर, व्ह्यू आणि स्वेल्ट या तिघांनी केली. अँग्युलर किंवा व्ह्यूमधून असे बाहेर पाठवलेले एकच बटण आपल्यासोबत फ्रेमवर्कचा धावता भागही घेऊन येते, एवढा त्याचा तोटा लक्षात ठेवावा लागतो.

वेब कंपोनंट्सच्या टीकाकारांचे आक्षेप पोकळ होते असे मुळीच नाही. शॅडो डॉम फक्त जावास्क्रिप्टमधून तयार करता येत असल्याने सर्व्हरवर पृष्ठ आधीच रचून पाठवणे दीर्घकाळ अशक्य होते. शॅडो डॉम टॅगांमधूनच घोषित करण्याची पद्धत सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचायला २०२४ उजाडले. शॅडो डॉमच्या आतली मजकूर-चौकट बाहेरच्या फॉर्मला दिसत नसे, म्हणून फॉर्म पाठवला तरी तिचे मूल्य जात नसे; कस्टम एलिमेंटने स्वतः फॉर्मचा सभासद होण्याची सोय सफारीत आली ती २०२३ मध्ये. दुसरीकडे ब्राउझरची स्वतःच्या घटकांची यादीही वाढू लागली. सूचनाचौकटीसाठीचा 'डायलॉग' टॅग २०२२ च्या मार्चपर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत आला, आणि ज्या चौकटीसाठी प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये वेगळे भांडार होते तिची बरीचशी कामे त्याने उचलली. २०११ मध्ये ज्यांनी लेखकांना टॅग घडवू द्यावेत असा आग्रह धरला, त्यांच्या अपेक्षांत हेही होते की लोकांनी घडवलेल्या टॅगांवरून प्रमाणककारांना गरजा कळाव्यात. ती अपेक्षा अंशतः फळाला आली आहे.

सर्वांत मोठी त्रुटी सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांग व्यक्तींनाही पृष्ठ वापरता येण्याच्या बाबतीत उरली आहे, आणि ती या रचनेच्या गाभ्यातूनच आलेली आहे. एचटीएमएलमध्ये चौकट आणि तिचे लेबल, यादी आणि तिचे वर्णन, यांची नाती ओळख-नावांनी जोडली जातात, म्हणजे एका टॅगवर दुसऱ्याचे नाव लिहून. पण शॅडो डॉमच्या सीमेपलीकडले नाव आतल्या टॅगला सापडत नाही. जे आवरण रूपाचे रक्षण करते तेच स्क्रीन रीडरला लागणारे नातेही तोडते. लेखक त्यावर नाना तऱ्हेच्या क्लृप्त्या करतात, प्रमाणकांच्या मंडळांत उपायांची मांडणीही चालू आहे, परंतु सर्व ब्राउझरांनी मान्य केलेली पूर्ण व्यवस्था अजून नाही. ज्या घटकाचे लेबल दृष्टिहीन वाचकाला ऐकू येत नाही तो सगळ्या फ्रेमवर्कांमध्ये चालत असला तरी अपुराच आहे, आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी व प्रमाणके लिहिणाऱ्यांनी आपल्या कामांच्या यादीत या त्रुटीला आता पहिले स्थान द्यावे.